स्वयंचलित ओएस-स्थापना

अनेक संगणकांवर, एकेकापुढे न बसता, नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम चढवण्याची पद्धत. बोलताना ‘ओएस टाकणे’ किंवा ‘फॉरमॅट मारणे’ एवढेच म्हणतात.

मशीन सुरू होताच नेटवर्क कार्ड डीएचसीपी सर्व्हरकडे, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या संगणकाकडे, पत्ता मागते. पत्त्याबरोबर बूट फाइलचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलचा, ठावठिकाणा मिळतो, ती फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतुकीच्या पद्धतीने उतरते आणि इन्स्टॉलर, म्हणजे ओएस चढवणारा प्रोग्रॅम, चालू होतो. इंटेलने पुढे आणलेल्या या पद्धतीला पीएक्सई म्हणतात, तिची २.१ आवृत्ती १९९९ची. भाषा, डिस्कची विभागणी, पासवर्ड या प्रश्नांना इन्स्टॉलर आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरपत्रिकेतून उत्तरे घेतो. लिनक्सच्या रेड हॅट या प्रकारात तिला किकस्टार्ट, डेबियन या प्रकारात प्रीसीड म्हणतात. विंडोजमध्ये ती एक्सएमएल फाइल असते.

सगळी मशीन एकाच खेपेतली असली तर काम इथेच संपते. पण खानापूर-निपाणीकडच्या एखाद्या कॉलेजची लॅब किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे ऑफिस जसे पैसे जमले तसे भरत गेलेले असते. खरी कसोटी तिथे लागते. मशीन जागे करणाऱ्या जुन्या बायोसला एक बूट फाइल लागते, त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयला दुसरी. समोर कोणते मशीन आहे हे डीएचसीपीच्या विनंतीतल्या ९३ क्रमांकाच्या पर्यायावरून सर्व्हरला कळते. डिस्कचे प्रकरण जास्त नाजूक. उत्तरपत्रिकेत ‘एसडीए’ (लिनक्स पहिल्या डिस्कला देते ते नाव) लिहिले की साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कवर सहसा सुरळीत चालते. एनव्हीएमई या नव्या, वेगवान डिस्कचे नावच वेगळे, त्यामुळे अशा मशीनवर इन्स्टॉलर अडतो. त्यात कोणाचा पेनड्राइव्ह लावलेला राहिला असेल तर ‘एसडीए’ हे नाव त्यालाच मिळते, आणि पोराचा वर्षभराचा प्रोजेक्ट पुसला जातो.

यावर उपाय म्हणजे मशीनचे वर्ग पाडणे. कोलोन विद्यापीठात १९९९मध्ये सुरू झालेली एफएआय ही प्रणाली याच कल्पनेवर उभी आहे: एक मशीन एकाच वेळी अनेक वर्गांत बसते आणि प्रत्येक वर्ग आपापल्या सूचना जोडतो. क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने आख्खी डिस्क उतरवणे सोपे खरे, पण ते एकसारख्या मशीनांनाच शोभते. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून जुन्या मशीनांचा वर्ग बहुधा लिनक्सचाच होतो.

स्थापना झाल्यावर नेटवर्क बूट बंद करायला विसरले, तर दुसऱ्या दिवशी मशीन चालू करताच ते पुन्हा पहिल्यापासून कोरे होऊ लागते. परवानगी उत्तरपत्रिकेतच दिलेली असते, विचारणार कोण?

सीमाभागात आणखी एक वर्ग लागतो, कीबोर्डचा. एकाच टेबलावर कन्नड अर्ज आणि मराठी पत्र दोन्ही टाइप होतात. कर्नाटकात सरकारी कामात नुडीची, म्हणजे कन्नड गणक परिषदेची रचना रुळली आहे. मराठीत इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर, बसलेले हात वेगळे. लिनक्समध्ये ‘कगप’ नावाने त्या परिषदेच्या रचनेचे मराठी रूपही मिळते, त्यात ‘क’ची कळ दोन्ही लिप्यांत एकच. लॉगिनच्या पडद्यावर मात्र इंग्रजी कीबोर्डच ठेवावा. पासवर्ड देवनागरीत उमटू लागला की मशीन कोणालाच आत घेत नाही.