वसंतकालीन भारमर्यादा

वसंतकालीन भारमर्यादा : हिवाळ्यात जमीन खोलवर गोठणाऱ्या प्रदेशांत, बर्फ वितळण्याच्या काही आठवड्यांपुरती ग्रामीण रस्त्यांवरील अवजड वाहनांच्या वजनावर घातली जाणारी कायदेशीर मर्यादा. अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, कॅनडा, फिनलंड, स्वीडन आणि रशिया येथे ही पद्धत रूढ आहे. मर्यादा बहुधा गाडीच्या एकूण वजनापेक्षा तिच्या एकेका एक्सलवर (चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) येणाऱ्या भारावर असते, कारण रस्त्याला जाणवतो तो एक्सलचाच भार.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि हिवाळ्यात रस्ता वर उचलला जातो तो केवळ त्यामुळेच, असे पूर्वी मानत. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास हा समज खोडून काढला. गोठताना आकसणारे बेंझीन भरलेली मातीही त्यांच्या प्रयोगांत फुगली. खरे कारण खालून येणाऱ्या पाण्यात आहे. गोठणारा थर भोवतालच्या मातीतले पाणी केशाकर्षणाने स्वतःकडे ओढत राहतो आणि त्याचे बर्फाचे चपटे थर साठत जातात. जाड वाळूत पाणी फारसे वर चढत नाही, घट्ट चिकणमातीतून ते फार सावकाश सरकते. या दोहोंच्या मधली बारीक गाळवट माती सर्वांत घातक, आणि गावाकडचे जुने रस्ते पुष्कळदा अशाच मातीवर टाकलेले असतात.

गोठलेला असेपर्यंत रस्ता वर्षातला सर्वांत भक्कम असतो. अमेरिकेतले मिनेसोटा राज्य तर कडाक्याच्या थंडीत नेहमीपेक्षा १० टक्के जास्त वजन नेऊ देते. संकट येते ते वितळताना, कारण वितळणे मुख्यतः वरून खाली होते. डांबराखालची खडी मोकळी होते, पण तिच्याखालचा थर अजून गोठलेलाच असतो आणि कडेला बर्फाचे ढीग साचलेले असतात. घमेल्यात साचल्यासारखे पाणी खडीतच अडकून पडते. ट्रकचे चाक वरून गेले की दाब खडीऐवजी त्या पाण्यावर येतो, खडीचे दाणे एकमेकांना धरून राहत नाहीत आणि डांबराला जाळीसारख्या भेगा पडतात. वरून रस्ता तेव्हा कोरडाठाक दिसू शकतो. चिखल दिसेपर्यंत वाट पाहिली, तर नुकसान आधीच झालेले असते.

इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून मोठी चाचणी घेण्यात आली. तीतही मोडतोडीचा मोठा वाटा वसंतातलाच होता. रस्त्याची झीज ढोबळमानाने एक्सलभाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा प्रसिद्ध नियम याच चाचणीतून निघाला. भार दुप्पट केला तर झीज सोळापट होते. उलट भार निम्मा करून फेऱ्या दुप्पट केल्या, तर एकूण झीज आठव्या हिश्शावर येते. गाडीचे स्वतःचे वजन धरता फेऱ्या दुपटीहून जास्तच होतात, तरीही हिशेब रस्त्याच्या बाजूनेच राहतो. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या संहितेतही हाच चौथ्या घाताचा नियम वापरला जातो. आपल्याकडे दव-बर्फाची जागा पावसाळा घेतो, म्हणून रस्त्याखालच्या मातीची ताकद नमुना चार दिवस पाण्यात भिजवून मोजतात.

मर्यादेचे आकडे जागोजागी वेगळे आहेत. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात नेमलेल्या रस्त्यांवर एका एक्सलला ५,००० किलो भार चालतो. दक्षिण भागात हा काळ साधारणपणे मार्च-एप्रिलचा असतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात काँक्रीटच्या रस्त्यांवर २५ टक्के, तर डांबरी रस्त्यांवर ३५ टक्के कपात होते आणि ट्रकचा वेगही ताशी ३५ मैलांवर आणला जातो.

खरा वाद आकड्यापेक्षा तारखेवरून होतो. ठरीव तारीख वाहतूकदाराला सोयीची, पण थंडी कॅलेंडर पाहत नाही. मिनेसोटाने यावर काढलेला तोडगा अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे राज्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी रोजच्या तापमानावरून वितळण्याचा निर्देशांक काढतात, म्हणजे रोजचे सरासरी तापमान एका आधारबिंदूहून जितके अंश जास्त असेल, त्यांची बेरीज करत जातात. तो फॅरनहाइट मापाने २५ अंश-दिवसांना पोहोचणार असा अंदाज आला, की निदान तीन दिवस आधी सूचना देऊन मर्यादा लागू होते. गंमत अशी की, हा हिशेब शून्य अंश सेल्सिअसपासून सुरू होतोच असे नाही. फेब्रुवारीपासून ऊन चढू लागते आणि काळे डांबर ते शोषून घेते, त्यामुळे हवा गोठणबिंदूखाली असतानाही खडीतला बर्फ वितळू लागतो. म्हणून हिशेबाचा आधारबिंदू दर आठवड्याला थोडा खाली आणतात. मर्यादा उठवणे त्याहून अवघड असते. बर्फ संपला तरी पाण्याचा निचरा होऊन मातीला पूर्ववत ताकद यायला आणखी काही आठवडे लागतात.

याची झळ लाकूडतोडीच्या धंद्याला सर्वांत जास्त बसते. थंडीतच ओंडके गिरणीपर्यंत पोचवून साठा करावा लागतो, मग पुढचे काही आठवडे ट्रक उभे राहतात. शेतकरी खत आणि धान्याची ने-आण आधीच उरकतात. दूध मात्र थांबवता येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी दुधाच्या टँकरना, तसेच शाळेच्या बस, अग्निशमन व कचऱ्याच्या गाड्यांना पूर्ण किंवा अंशतः सूट असते. अमेरिकेतल्या मेन राज्यात बंदी असलेल्या रस्त्यावरही हवेचे तापमान गोठणबिंदूखाली असेल आणि भेगांतून पाणी दिसत नसेल, तर जड गाडी नेता येते. त्यामुळे तिथले चालक पहाटेच्या थंडीत फेऱ्या मारून घेतात.

ही पद्धत सर्वांनाच पटलेली नाही. नॉर्वेने १९९५ मध्ये अशा मर्यादा उठवल्या. रस्तादुरुस्तीचा वाढीव खर्च सोसूनही वाहतुकीतली बचत जास्त भरते, असा त्यामागचा हिशेब होता. फिनलंडमध्ये खडीच्या रस्त्यांवर त्या अजून लावल्या जातात.