नवजात बाळाचा लुळा हात: वाट किती दिवस पाहायची?

जन्मल्यापासून बाळाचा एक हात हलत नसला, की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘हात उतरलाय, बसवून घ्या.’ मग मालिशवाल्या बाई येतात, नाहीतर हाडवैद्याकडे फेरी होते आणि त्या इवल्याशा हाताची ओढाताण सुरू होते. कृपा करून हे करू नका. सांधा बहुतेक वेळा जागेवरच असतो. इजा झालेली असते मानेत.

मानेतले खालचे चार आणि छातीतला पहिला, असे पाच मज्जातंतू कण्यातून निघतात, कॉलरबोनच्या मागे एकमेकांत गुंततात आणि हातात उतरतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकला, तर मान आणि खांदा यांच्यामध्ये हे जाळं ताणलं जातं. हजारातल्या साधारण एका बाळाला ही इजा होते. वरचे दोन तंतू दुखावले असतील तर खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही. हात आत वळून अंगालगत लोंबतो, मूठ मात्र नीट वळते. ही अर्ब्स पाल्सी. जर्मन डॉक्टर विल्हेल्म अर्ब यांनी १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं.

अशा आईला अजूनही विचारतात, ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का?’ ग्रहणाचा आणि या इजेचा काडीचाही संबंध नाही. आधीच खचलेल्या बाईवर हा आरोप करणं क्रूरपणाचं आहे.

आता मुख्य प्रश्न. हात आपोआप बरा होतो का? पुष्कळदा होतो, आणि तो कसा होतो हे पाहण्यासारखं आहे. मज्जातंतू म्हणजे हजारो सूक्ष्म धागे, अक्षतंतू; प्रत्येक धागा आपापल्या नळीत. नुसता ताण बसला असेल तर धागे शाबूत राहतात आणि काही आठवड्यांत हात हलू लागतो. धागा तुटला, तर तुटल्या जागेपासून स्नायूपर्यंतचा त्याचा सगळा भाग विरघळून जातो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून हे दाखवून दिलं. पण नळी टिकते. नाडा निघून गेला तरी नेफा शाबूत असावा, तसं हे असतं. नळीतल्या श्वान पेशी (धाग्यांभोवती आवरण घालणाऱ्या, शास्त्रज्ञ श्वान यांच्या नावाच्या पेशी) आणि भक्षक पेशी आतला कचरा साफ करतात, मग श्वान पेशी रांग धरतात आणि वाढीची रसायनं सोडू लागतात. मज्जारज्जूच्या बाजूला उरलेल्या टोकाला एक चाचपडणारा अंकुर फुटतो आणि तो त्या नेफ्यातून पुढे सरकतो, दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटर जायला १०० दिवस.

नेफाच फाटला असेल तर अंकुर भरकटतात, व्रणाच्या गाठीत गुरफटतात. मज्जातंतूचं मूळच मज्जारज्जूतून उपटलं असेल तर अंकुर फुटायला जागाच उरत नाही. त्याच बाजूची पापणी झुकलेली आणि बाहुली बारीक दिसली, की डॉक्टरांना हीच शंका येते. इकडे स्नायूही अनंतकाळ थांबत नाही. साधारण दीड वर्ष मज्जातंतूवाचून गेलं, की त्याला पुन्हा जागवणं जवळजवळ अशक्य होतं.

म्हणून तिसरा महिना महत्त्वाचा. पॅरिसचे सर्जन आलँ जिल्बेर यांनी निकष रूढ केला: तीन महिन्यांत बाळ कोपर वाकवत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. काही केंद्रं आणखी थांबतात. टोरंटोमध्ये नवव्या महिन्यात बाळाच्या हातात बिस्कीट देतात, दंड अंगालगत धरतात आणि मान फारशी न झुकवता ते तोंडापर्यंत नेता येतं का, ते पाहतात.

शस्त्रक्रियेत व्रणाची गाठ कापून पोटरीतल्या संवेदनेच्या मज्जातंतूचे तुकडे मध्ये जोडतात. त्याबदल्यात पावलाची बाहेरची कड थोडी बधिर होते. दुसरा मार्ग फ्रेंच सर्जन ओबेर्लाँ यांनी १९९४ मध्ये मांडला: पंजाकडे जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूतला एक जुडगा दंडातच बायसेप्सच्या, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या, तंतूला जोडायचा. अंतर काही सेंटिमीटरच उरतं, त्यामुळे अंकुर वेळेत पोचतात. मूळच उपटलेलं असेल तेव्हाही हा मार्ग उपयोगी पडतो. याउलट, स्टेम सेलच्या महागड्या इंजेक्शनांनी हा हात बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही.

तोवर घरी सांधे मोकळे ठेवायचे. कॉलरबोन मोडलेली नाही याची खात्री झाली आणि फिजिओथेरपिस्टने दाखवून दिलं, की दर लंगोट बदलताना कोपर अंगाला टेकवून हाताचा पुढचा भाग हळूच बाहेर वळवायचा. हे राहिलं तर खांदा आत वळलेलाच आखडतो आणि वाढतं हाड खोबणीतून मागे सरकू लागतं. बाळाला काखेत धरून उचलू नका. झबलं घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. दर महिन्याला झबलं काढून दोन्ही हातांचा व्हिडिओ घेऊन ठेवा, कारण ओपीडीत बाळ झोपलेलं असतं किंवा रडत असतं, आणि कोपर कधी वाकू लागलं हे सर्जनला त्यातूनच कळतं.