ग्लिसरीन मोजायचं कशानं?

सिरिंजने ग्लिसरीन ओढून पाहा. दट्ट्या झरकन मागे येतो, पण ग्लिसरीन काही त्याच्या मागे धावत नाही. मध्ये पोकळी राहते, बुडबुडे अडकतात आणि ते वर यायला मिनिट-मिनिट लावतात. मेजरिंग सिलिंडर घेतला तर अडचण दुसऱ्या टोकाला. 70 मिलीच्या रेघेपर्यंत नीट भरलं, बाटलीत ओतलं, सिलिंडर उपडा धरून ठेवला, तरी काचेला जाड थर चिकटून राहतोच. 20 अंश सेल्सिअसला ग्लिसरीनची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, पाण्याच्या सुमारे 1400 पट असते. रेघ सांगते सिलिंडरमध्ये किती होतं ते. बाटलीत किती पोचलं हे तिला ठाऊक नसतं.

ई-लिक्विड, म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरायचा द्रव, बनवताना हाच प्रश्न येतो. त्यात मुख्य दोन द्रव: घट्ट ग्लिसरीन आणि बरंच पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल. शिवाय चवीचे अर्क आणि बहुतेकदा निकोटिन. बाटली वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि थेट तिच्यातच ओतलं, तर काटा फक्त बाटलीत पडलेलं मोजतो. भांड्याला काय चिकटलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. माझ्या मते वजनाच्या बाजूने हे एवढं एकच कारण पुरेसं आहे.

मात्र इथेच एक चूक हमखास होते. ग्लिसरीन आणि ग्लायकॉलचं 70-30 हे प्रमाण सहसा आकारमानाचं असतं, आणि ते तसंच्या तसं ग्रॅममध्ये उतरवलं जातं. ग्लिसरीनची घनता दर मिलीला 1.26 ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉलची 1.036. म्हणजे 70 मिली ग्लिसरीनचं वजन भरतं 88.2 ग्रॅम आणि 30 मिली ग्लायकॉलचं साधारण 31.1 ग्रॅम. घनतेने न गुणता सरळ 70 आणि 30 ग्रॅम घेतले, तर प्रत्यक्ष मिश्रण 66-34 च्या आसपास जातं. चवीच्या अर्कांची घनता बहुधा 1 च्या जवळपास असते आणि ते असतातही थोडे, त्यामुळे तिथे 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम धरलं तरी फारसं बिघडत नाही.

निकोटिनचं तसं नाही. ते विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जातं, म्हणून हातमोजे हवेतच. त्याची तीव्रता दर मिलीला इतके मिलिग्रॅम अशी लिहितात, म्हणजे एकाच आकड्यात वजनही आहे आणि आकारमानही. दर मिलीला 100 मिलिग्रॅमचं द्रावण असेल आणि 100 मिलीच्या बाटलीत दर मिलीला 3 मिलिग्रॅम हवं असेल, तर 3 मिली लागतं. 1 मिली जास्त पडलं की 3 चे 4 झाले, म्हणजे एक तृतीयांश वाढ. ते 3 मिली वजनात किती? द्रावण ग्लायकॉलमधलं असेल तर 3.1 ग्रॅम, ग्लिसरीनमधलं असेल तर 3.7. बाटलीवर हे पाहिलं नाही, तर उत्तम काटाही चुकीचंच माप देईल.

थेंब मोजण्याची पद्धतही आहे. 20 थेंबांचा 1 मिली हा हिशेब पाण्यासारख्या द्रवाला आणि ठरावीक तोंडाच्या ड्रॉपरला लागू पडतो. द्रवाचा पृष्ठताण बदलला, घनता बदलली किंवा ड्रॉपरचं तोंड बदललं की थेंबाचा आकार बदलतो. तापमानाचा परिणाम त्यामानाने लहान: 10 अंशांच्या फरकाने ग्लिसरीन साधारण अर्धा टक्का फुगतं. वजनाला तेवढाही फरक पडत नाही.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की खुद्द लिटरची व्याख्याच एके काळी वजनावर उभी होती. 1901 पासून 1964 पर्यंत लिटर म्हणजे 1 किलो शुद्ध पाणी ठरावीक तापमानाला आणि दाबाला जितकी जागा व्यापतं तितकी जागा. आजही प्रयोगशाळेतल्या पिपेटची अचूकता तपासतात ती तिच्यातून सोडलेलं पाणी काट्यावर तोलून.

काट्याचेही काही हट्ट आहेत. तो सपाट जागी हवा, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. सिरिंजमध्ये जास्त ओढलं गेलं तर ते परत सोडता येतं. काट्यावरच्या बाटलीत जास्त पडलेलं बाहेर काढता येत नाही. आणि एक खोड फार थोड्यांच्या लक्षात येते. लहान काट्याच्या आत वजनाने किंचित वाकणारा धातूचा तुकडा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. तापमानामुळे त्याचं शून्य हळूहळू सरकतं, म्हणून अनेक काटे शून्याजवळचा अगदी सावकाश होणारा बदल आपणहून पुसून टाकतात. काटा शून्यावर आणून तुम्ही जपून एकेक थेंब सोडू लागलात, तर काटा त्या थेंबांनाही शून्याचं सरकणं समजतो आणि आकडा 0.00 वरच राहतो, थेंब मात्र बाटलीत पडत असतात. म्हणून थोडं पडायचं असेल तेव्हा काटा पुन्हा शून्यावर आणूच नका. आधीच्या घटकाचा आकडा तसाच राहू द्या, त्यात हवे तेवढे ग्रॅम मिळवा आणि त्या बेरजेपर्यंत थेंब सोडत जा.