ठिपका धावतोय, पण मीठ पडतंय का?

थंडीच्या रात्री स्कॉटलंडच्या रस्त्यांचा ऑनलाइन नकाशा उघडला, तर त्यावर ‘ग्रिटर थनबर्ग’ आणि ‘सर अँडी फ्लरी’ हिंडताना दिसतात. या आहेत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या, म्हणजे ग्रिटर. हवामानासाठी लढणाऱ्या ग्रेटा थनबर्गची ‘ग्रिटर’ झाली आणि टेनिसपटू अँडी मरीच्या आडनावात हिमाची भुरभुर, ‘फ्लरी’, शिरली. एकीचं नाव तर गायक फ्रेडी मर्क्युरीवरून ‘स्प्रेडी मर्क्युरी’, म्हणजे पसरणारी! कुठली गाडी आत्ता कुठे आहे, हे तिथे कुणालाही घरबसल्या पाहता येतं.

मीठ कशाला, हे पॉटचं आइस्क्रीम केलेल्यांना सांगायला नको. बर्फाच्या चुऱ्यात खडेमीठ घातलं की तो वितळतो, तरी शून्याच्या बराच खाली थंड राहतो. मिठाचं पाणी गोठायला उणे 21 अंशांपर्यंतही जावं लागतं, पण त्यासाठी मीठ भरपूर हवं. रस्त्यावर तेवढं ओतता येत नाही. उणे आठ-दहाच्या खाली मिठाची मात्रा फारशी चालत नाही, आणि जास्त टाकलं तर गाड्यांचे पत्रे गंजतात, कडेची झाडं जळतात. म्हणून ते बर्फ धरण्याआधीच टाकतात, तेही बेतानं: चौरस मीटरला दहा ग्रॅम धरा, म्हणजे जेमतेम दोन चहाचे चमचे. तरी सात मीटर रुंद रस्त्याला किलोमीटरमागे 70 किलो लागतं.

एवढं मोजूनमापून टाकायचं, तेही काळोखात, ताशी 50 किलोमीटरनं जाताना. इथे जीपीएस कामाला येतं. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत स्वतःची जागा आणि अचूक वेळ सांगत असतात. गाडीतला रिसीव्हर निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि ते किती उशिरा पोचले, यावरून आपलं ठिकाण काढतो. हिशेब फार नाजूक असतो. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात 300 मीटरचा घोळ!

पण नकाशावर गाडी दाखवणाऱ्या नुसत्या ठिपक्याचं मला फारसं कौतुक नाही. गाडी रस्त्यावरून गेली, याचा अर्थ मीठ पडलं असा होत नाही. आपल्याकडे टंचाईतल्या पाण्याच्या टँकरला जीपीएस लावतात, तिथेही प्रश्न हाच: टँकर गावात पोचला, पण विहिरीत रिकामा झाला का? ग्रिटरमध्ये याचं उत्तर मागच्या गोल चकतीपाशी मिळतं. मीठ तिच्यावर पडतं आणि ती ते भिरकावते. चकती फिरतेय का, किती ग्रॅम सुटतंय, किती रुंदीवर पडतंय, पुढचा बर्फ लोटायचा नांगर खाली आहे की वर, हे सगळं नियंत्रक पेटी ठिकाण-वेळेसकट नोंदवते. उद्या तिथे गाडी घसरून दावा झालाच, तर बघायची ती ही नोंद.

काही गाड्यांत याच्या उलटही चालतं. मार्ग आधीच पेटीत भरलेला असतो, आणि रस्ता रुंदावला की जीपीएसच्या सांगण्यावरून मिठाचा पट्टा आपोआप रुंद होतो. ड्रायव्हरनं फक्त रस्त्याकडे बघायचं. बर्फाळ रात्री तेवढंच काम पुरे असतं.

अडचणी आहेतच. चार-पाच मीटर इकडेतिकडे झालं की गाडी पुलावर आहे की शेजारच्या रस्त्यावर, हे नकाशाला कळत नाही. मग सॉफ्टवेअर आधीचा माग बघून अंदाज बांधतं. डोंगरातल्या खोऱ्यात मोबाइलची रेंज जाते तेव्हा तर मजाच होते. उपग्रह दिसत असतात, पण पेटीला बोलायला कुणी नसतं. ती सगळं साठवून ठेवते. इकडे नकाशावर ठिपका एकाच वळणावर थिजलेला. मग खोऱ्याच्या तोंडाशी रेंज येते, आणि स्प्रेडी मर्क्युरी एका उडीत दहा किलोमीटर पुढे, मधल्या प्रत्येक ग्रॅमच्या हिशेबासकट.