क्रॉफिश बॉइल: मागच्या अंगणातल्या भांड्यामागचा इतिहास

मार्च लागला की अमेरिकेतल्या लुईझियानात आणि शेजारच्या टेक्सासात घरांच्या मागच्या अंगणात गॅसचे मोठे बर्नर मांडले जातात. त्यावर 60-70 लिटरचं भांडं चढतं, शेजारपाजार जमतो आणि लांबलचक टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर लालभडक क्रॉफिश, मक्याची कणसं आणि बटाटे ओतले जातात. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींनाही ऑफिसातून किंवा शेजारून या जेवणाचं, म्हणजे क्रॉफिश बॉइलचं, बोलावणं येतं. पहिल्यांदाच हा बेत घरी करणाऱ्याला जाणकार चार गोष्टी बजावतात: वसंतातच करा, जिवंत माल आणा, पोत्याने आणा आणि आच बंद केल्यावर घाई करू नका. हे नियम कुठून आले ते कळलं की ते पाठ करावे लागत नाहीत.

क्रॉफिश हा गोड्या पाण्यातला, दिसायला छोट्या शेवंडीसारखा, पण पुढे नांग्या असलेला जीव. मिसिसिपी आणि अ‍ॅचाफलाया नद्यांच्या दलदलीत तो मुबलक. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी तो खात होते. हूमा जमातीचं तर लाल क्रॉफिश हे मानचिन्हच. 1755 पासून ब्रिटिशांनी कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागातून फ्रेंच भाषक अकेडियनांना हाकलून लावलं. त्यांतले बरेच जण 1760 च्या दशकापासून लुईझियानात येऊन स्थिरावले, त्यांचेच वंशज आजचे केजन. तिकडची एक लोककथा मला फार आवडते. अकेडियनांच्या विरहाने उत्तरेकडच्या शेवंडीही म्हणे त्यांच्या मागोमाग निघाल्या आणि एवढ्या लांबच्या प्रवासात झिजून झिजून क्रॉफिशएवढ्या झाल्या. घरदार सुटलेल्या माणसांनी नव्या मुलखातल्या अन्नाशी किती प्रेमाने नातं जोडलं, हे त्या कथेत दिसतं.

पण बराच काळ हे गरिबाघरचं खाणं होतं. दलदलीत फुकट मिळणारं, म्हणून पाहुण्यासमोर ठेवायला संकोच वाटणारं. केजन माणसाच्या भाषेचीही तीच गत होती. 1921 च्या राज्यघटनेने लुईझियानाच्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि वर्गात फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. क्रॉफिशला मिळालेली प्रतिष्ठा मला म्हणूनच निव्वळ चवीची गोष्ट वाटत नाही. 1959 मध्ये ब्रो ब्रिज हे गाव शंभर वर्षांचं झालं, तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने त्याला ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ ठरवलं. पुढच्याच वर्षी तिथे क्रॉफिश महोत्सव सुरू झाला. 1968 मध्ये फ्रेंच भाषेच्या जपणुकीसाठी सरकारी संस्था उभी राहिली, आणि 1983 मध्ये क्रॉफिश राज्याचा अधिकृत कवचधारी प्राणी ठरला. लपवून खाण्याचा पदार्थ मिरवण्याचा झाला तो या पंचवीस वर्षांत.

वसंताचं गणित भाताच्या शेतात आहे. कोकणात खेकडे जसे खाचराच्या बांधात बिळं करून राहतात, तसाच क्रॉफिशही पाणी ओसरलं की मातीत शिरतो. लुईझियानाच्या शेतकऱ्यांनी याच सवयीवर शेती उभी केली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला भाताच्या उभ्या पिकात क्रॉफिश सोडायचे, कापणीआधी पाणी काढायचं आणि कापणीनंतर ऑक्टोबरच्या सुमारास शेत पुन्हा भरायचं. माद्या पिल्लं घेऊन बिळांतून बाहेर येतात, भाताच्या खुंटांवर वाढलेल्या जीवसृष्टीवर ती पोसतात. माल हिवाळ्यापासून निघू लागतो, पण भरघोस आणि मोठा मिळतो तो मार्च ते मे. त्यात हा कॅथलिकांचा प्रदेश. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपवासात शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, पण मासे, क्रॉफिश चालतात. त्यामुळे गुड फ्रायडेला मागणी शिगेला पोचते. एरवी भांड्यात पडणारं सॉसेज त्या दिवशी कॅथलिक घरांत पडत नाही.

पोत्याचा हिशेबही समजून घ्यावा. जाळीदार पोत्यात साधारण 14 ते 18 किलो जिवंत माल असतो. त्यातलं खाण्याजोगं मांस जेमतेम 15 टक्के, म्हणून माणशी दीड-दोन किलो धरतात. मिठाच्या पाण्यात ठेवलं की क्रॉफिशचं पोट साफ होतं, ही समजूत जुनी आहे, पण मिठाने तसं काही होत नाही. स्वच्छ पाण्याने तीन-चारदा खळखळून धुणं पुरतं. मेलेले मात्र वेचून टाकलेच पाहिजेत.

मसाला आपल्या ओळखीचा आहे: मोहरी, धणे, तमालपत्र, लवंग, ऑलस्पाइस, शेपूचं बी आणि भरपूर तिखट. न्यू ऑर्लिन्सच्या झॅटरेन्स कंपनीमुळे (स्थापना 1889) हे मिश्रण घरोघरी तयार पुडीतून पोचलं. पण खरी कसोटी आच बंद केल्यावर लागते. क्रॉफिश टाकून पाण्याला पुन्हा उकळी आली की दोन-तीन मिनिटांत आच बंद करायची. सुरुवातीला सगळे वर तरंगत असतात. पाणी निवू लागतं तसा मसाला कवचाच्या आत शिरतो आणि एकेक करून ते खाली बसू लागतात. याला 20-30 मिनिटं लागतात. निवणं लवकर सुरू व्हावं म्हणून काही जण या वेळी गोठवलेली कणसं टाकतात. घाईने जास्त उकळलं, तर मांस चिवट होऊन कवचाला चिकटतं.

1975 नंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांतले कितीतरी जण मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर मासेमारीत शिरले. त्यांच्या स्वयंपाकघरांतून उकडलेल्या क्रॉफिशवर लसूण-लोण्याची धार ओतायची रीत आली आणि ह्यूस्टनमध्ये ती चांगलीच रुजली. जुन्या केजन घरांत ती अजून सगळ्यांना मान्य नाही. माझ्या मते मात्र परंपरेत पडलेली ही सर्वांत चवदार भर आहे.

2023 च्या उन्हाळ्यातल्या दुष्काळाने बिळांतले क्रॉफिश मातीतच सुकून मेले. 2024 च्या हंगामात भाव खूप चढले आणि या नुकसानीमुळे मार्चमध्ये लुईझियानाच्या राज्यपालांना आपत्ती जाहीर करावी लागली. तेव्हा पाहुण्यांना तारीख कळवण्याआधी विक्रेत्याला भाव विचारून घ्या, आणि जमत असेल तर ईस्टर उलटल्यावरचा शनिवार धरा. मागणी ओसरलेली असते आणि मालही मोठा मिळतो.