वाळणारं तेल, पेटणारं फडकं

ठिणगीशिवाय आग लागत नाही, असं आपण धरूनच चालतो. गॅस बंद, मेन स्विच बंद, घरात कुणी सिगारेट ओढत नाही, म्हणजे निजायला हरकत नाही. लाकडी जमीन घरच्या घरी घासून तिला तेल लावायला निघालेल्यांनी हा समज आधी सोडावा.

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रसंग ओळखीचा असेल. कार्पेट उचकटलं की खाली ओकच्या पट्ट्या निघतात, काळवंडलेल्या पण ठणठणीत. मग घासायचं मशीन भाड्याने येतं. ओकची पट्टी साधारण 19 मिलिमीटर जाड असते, पण जिभेच्या, म्हणजे शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या वरचं, घासता येईल असं लाकूड जेमतेम 6 मिलिमीटर. म्हणून हात राखून काम करायचं. आधी 40 नंबरचा पॉलिशपेपर, मग 60, 80, 100. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे आत्ता दिसत नाहीत, तेल लागलं की रांगोळीसारखे उमटतात. घर 1978 च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं आहे का, ते घासण्यापूर्वीच तपासून घ्यावं. या सगळ्याचे व्हिडिओ पोत्याने मिळतात. संध्याकाळी काम आटोपल्यावर कोपऱ्यात पडलेल्या तेलकट चिंध्या मात्र त्यात सहसा दिसत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

लाकडाला लावायचं पारंपरिक तेल जवसाचं. विदर्भात जिची चटणी करतात तीच ही जवस. हे तेल ‘वाळतं’ म्हणजे पाण्यासारखं उडून जातं, अशी बहुतेकांची समजूत. प्रत्यक्षात ते जवळजवळ उडतच नाही. उलट वाळताना त्याचं वजन वाढतं, कारण ते हवेतला ऑक्सिजन खातं.

कसं, ते जरा सविस्तर सांगतो. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. 18 कार्बनची साखळी, तिच्यात तीन दुहेरी बंध. शेजारशेजारच्या दोन दुहेरी बंधांच्या मध्ये अडकलेला जो कार्बन असतो, त्याच्यावरचा हायड्रोजन फार ढिला बसलेला असतो. तो निघाला की मागे राहतो मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा रेणू. त्याला ऑक्सिजन चिकटतो. हा नवा मूलक शेजारच्या साखळीतला ढिला हायड्रोजन ओढून घेतो आणि स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होतो, पण शेजारी आता मूलक झालेला असतो. पुढे हायड्रोपेरॉक्साइड फुटतो आणि एकाचे दोन मूलक होतात. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ तेलात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात, ते ही फूट घाईने पाडतात. शेवटी मूलक एकमेकांना भिडतात, साखळ्या आडव्या-उभ्या जोडल्या जातात आणि जमिनीवरच्या तेलाचं जाळं होतं. ते पुन्हा पातळ होत नाही. करडईच्या तेलाच्या डब्याखाली साबणाला दाद न देणारा पिवळट चिकट थर जमतो ना, तो याच वाटेवर अर्ध्यात थांबलेला असतो. खोबरेल तेलात दुहेरी बंध नावालाच, म्हणून ते वर्षानुवर्षं तेलच राहतं.

या सगळ्यात उष्णता बाहेर पडते. जमिनीवर तेलाचा थर इतका पातळ असतो की ती लाकडात आणि हवेत निघून जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. चिंध्यांचा बोळा केला की हिशेब फिरतो. सुती धाग्यांमुळे तेल प्रचंड पृष्ठभागावर पसरलेलं असतं, हवा पोकळ्यांतून आत येत राहते आणि कापूस उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बोळा दुप्पट रुंद-उंच केला तर उष्णता तयार करणारं आकारमान आठपट होतं, ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त चौपट. त्यात तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ठरावीक आकारापलीकडे हा तोल सावरूच शकत नाही, हे रशियन शास्त्रज्ञ फ्रँक-कामेनेत्स्की यांनी 1930 च्या दशकात गणिताने दाखवलं. काही तासांत आतलं कापड धुमसू लागतं.

23 फेब्रुवारी 1991, फिलाडेल्फिया. ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीत 22 व्या मजल्यावर भिंतींवरच्या लाकडी फळ्यांना तेल लावण्याचं काम चालू होतं. चिंध्या तिथेच राहिल्या. शनिवारी रात्री आग लागली आणि आठ मजले चढली. 30 व्या मजल्यावर स्प्रिंकलर होते, तिथे ती अडली. तीन अग्निशामक जवान गेले. इमारत पुढे पाडावीच लागली.

आपल्याकडे कपाटातली साडी ‘आपोआप’ पेटली की भानामतीचं नाव निघतं. त्या साड्यांना कुणी जवसाचं तेल लावलेलं नसतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी नेट धरून चौकशी केली की बहुतेकदा घरातलाच कुणीतरी काडी लावणारा सापडतो. तेव्हा या लेखाचा दाखला देऊन कुणी भानामतीला रसायनशास्त्राचं प्रशस्तिपत्र देऊ नये. तशीच ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलमुक्त’ ही डब्यावरची जाहिरात. जवसाचं तेल नैसर्गिक आहे, म्हणूनच तर त्यात ते तीन दुहेरी बंध आहेत. पाण्यात मिसळलेल्या पॉलियुरेथेन या ‘प्लास्टिक’ पॉलिशने भिजलेलं फडकं मात्र असं पेटत नाही.

उपाय स्वस्त आहे. चिंध्या एकावर एक न ठेवता एकेक सुटी करून बाहेर फरशीवर पसरायची. पूर्ण वाळून कडक झाली की कचऱ्यात टाकायची. तेवढा वेळ नसेल तर पाण्याने भरलेल्या लोखंडी डब्यात बुडवून झाकण घट्ट लावायचं. आणि मशीनच्या थैलीतला भुसा विसरू नका. जुन्या पॉलिशची पूड मिसळलेला बारीक भुसाही आतल्या आत तापतो. मशीन एखाद्या खिळ्यावरून गेलं असेल तर त्यात ठिणगीही दडलेली असू शकते. थैली अर्धी भरली की रिकामी करायची, आणि रात्री तो भुसा गॅरेजमध्ये नाही, अंगणात, भिंतीपासून लांब, झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवायचा.