कोलोनोस्कोपीतील पॉलिप-शोधक सॉफ्टवेअर

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी (कोलोनोस्कोपी) चालू असतानाच कॅमेऱ्यातून येणारे चित्र तपासून, पॉलिपसारखे काही दिसताच पडद्यावर त्याभोवती चौकट आखणारी संगणक-प्रणाली. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला उंचवटा. तो कोणत्या जातीचा आहे हे ही प्रणाली ठरवत नाही. 'इथे पाहा' एवढेच सुचवते.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा ॲडिनोमा या जातीच्या पॉलिपपासून सुरू होतो आणि असा पॉलिप तपासणीतच काढून टाकता येतो. अडचण आहे ती नजरेतून सुटणाऱ्यांची. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांचा 2006 साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पहिल्या फेरीत सुमारे 22 टक्के पॉलिप सुटल्याचे आढळले. अशी चूक दोन प्रकारांनी होते. कधी पॉलिप आतड्याच्या घडीमागे दडल्यामुळे पडद्यावर येतच नाही, तर कधी तो पडद्यावर येऊनही लक्षात येत नाही. सॉफ्टवेअरचा उपयोग फक्त दुसऱ्या प्रकारात होतो. दुर्बीण घाईने बाहेर काढली किंवा आतडे नीट साफ झालेले नसले, तर त्याचाही इलाज चालत नाही.

तांत्रिकदृष्ट्या खरी कसोटी वेळेची असते. 1920 × 1080 बिंदूंचा व्हिडिओ सेकंदाला 60 फ्रेमच्या गतीने येत असेल, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला साधारण 16.7 मिलिसेकंद येतात आणि न दाबलेली (आकार कमी न केलेली) एक फ्रेम सुमारे 6 मेगाबाइटची असते. एंडोस्कोपीच्या यंत्रातून निघालेला संकेत कॅप्चर कार्डमार्फत (बाहेरून आलेला व्हिडिओ संगणकात घेणाऱ्या जोडणीतून) ग्राफिक्स प्रोसेसरकडे, म्हणजे चित्रांवरची गणिते वेगाने करणाऱ्या चिपकडे, जातो, तिथे प्रतिमा ओळखली जाते आणि चौकट आखलेले चित्र पडद्यावर येते. या वाटेत कुठे खोळंबा झाला तर फ्रेमची रांग लावून ठेवत नाहीत. जुनी फ्रेम सरळ टाकून देतात. कारण रांग वाढली की चौकट मागच्या जागेवर उमटते आणि दुर्बीण तोवर पुढे गेलेली असते. सॉफ्टवेअर बंद पडले तरी मूळ चित्र अखंड दिसत राहिले पाहिजे, ही अट तर अचूकतेहूनही आधीची मानावी लागेल.

अशी प्रणाली उभारताना व्हिडिओ हाताळण्यासाठी जीस्ट्रीमर, एफएफएमपेग आणि ओपनसीव्ही, पॉलिप ओळखणारी प्रतिमाने (मॉडेल) शिकवण्यासाठी पायटॉर्च, ती वेगाने चालवण्यासाठी टेन्सरआरटी ही साधने वापरता येतात. एनव्हिडिया या चिप-कंपनीच्या होलोस्कॅन या सॉफ्टवेअर-मंचामध्ये कॅप्चर कार्डातील फ्रेम थेट ग्राफिक्स प्रोसेसरच्या स्मृतीत उतरवण्याची सोय आहे.

प्रतिमानांच्या सरावासाठी खुले असलेले प्रतिमांचे संच मात्र फसवे ठरू शकतात. सीव्हीसी-क्लिनिकडीबीमध्ये 612 आणि क्वासिर-सेगमध्ये 1000 प्रतिमा आहेत आणि त्या पॉलिप असलेल्याच आहेत. प्रत्यक्ष तपासणीत बहुतेक वेळ पडद्यावर पॉलिप नसतोच. दहा मिनिटांत 36,000 फ्रेम येतात. त्यांतल्या एक टक्क्यात जरी बुडबुडा, मळ किंवा प्रकाशाची चकाकी पॉलिप समजली गेली, तरी 360 फ्रेममध्ये खोट्या चौकटी चमकतील. म्हणून लागोपाठच्या काही फ्रेममध्ये तीच खूण टिकली तरच ती दाखवायची, अशी युक्ती योजतात. तिची किंमत थोड्या विलंबाने चुकवावी लागते.

चीनमध्ये 1058 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किमान एक ॲडिनोमा सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या तपासणीत 20.3 टक्के, तर सॉफ्टवेअरसह 29.1 टक्के होते. इटलीतील 685 रुग्णांच्या चाचणीत (2020) हेच आकडे 40.4 आणि 54.8 टक्के होते. त्या चाचणीत वापरलेल्या 'जीआय जीनियस'ला एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाची परवानगी मिळाली. फुजीफिल्म आणि ऑलिंपस यांच्याही अशा प्रणाली आहेत.

हे आकडे जितके ठळक दिसतात तितका त्यांचा अर्थ सरळ नाही. जास्तीचे सापडलेले पॉलिप प्रामुख्याने बारीक, पाच मिलिमीटरच्या आतबाहेरचे असतात आणि त्यांतले पुष्कळसे कर्करोगापर्यंत कधीच पोचत नाहीत. ते काढणे आणि पुढे पुन्हापुन्हा तपासणीला बोलावणे हा भार रुग्णावरच पडतो. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 2025 साली आलेल्या मार्गदर्शिकेने सरसकट वापराच्या विरोधात सौम्य शिफारस केली, ती याच हिशेबाने. त्याच वर्षी पोलंडमधील चार केंद्रांच्या निरीक्षणातून आणखी एक शंका पुढे आली. तिथे सॉफ्टवेअर रुळल्यानंतर, त्याच्या मदतीविना केलेल्या तपासण्यांत ॲडिनोमा सापडण्याचे प्रमाण 28.4 वरून 22.4 टक्क्यांवर आले होते. नजरेची सवय मोडल्याने हे घडले असे खात्रीने म्हणता येत नाही, कारण ती यादृच्छिक चाचणी (रुग्णांची गटांत चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करणारी) नव्हती.

भारताच्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची चाळणी (तक्रार नसतानाही केली जाणारी तपासणी) होते. मोठ्या आतड्याची होत नाही. येथे कोलोनोस्कोपीला येणारा रुग्ण बहुधा रक्तस्राव, पोटदुखी अशी काही तक्रार घेऊनच येतो. त्यामुळे परदेशी आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.